गावासाठी घडवला, गस्तीवर गेला

बंगळूरच्या उत्तरेला येलहंक्याच्या हवाई तळावर १९९६ पासून, साधारण दर दोन वर्षांनी, ‘एअरो इंडिया’ हे प्रदर्शन भरते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे एसयू-५७ ही दोन प्रतिस्पर्धी विमाने एकाच वेळी आली. एफ-३५ च्या वैमानिकापुढे काटे-तबकड्यांची जुनी गर्दी नाही. समोर रुंद काचेचा एकच पडदा आहे. त्यावर बोट टेकवून तो रडारचे चित्र मोठे करतो, नकाशा बाजूला सारतो, शस्त्रांची यादी पुढे आणतो. बघायला आलेल्या कॉलेजच्या पोरांना यात विशेष काही वाटत नाही, कारण तेच काम ती दिवसभर खिशातल्या फोनवर करत असतात.

काचेला स्पर्श करून यंत्राला काम सांगायची ही रीत भारतीय लष्करापर्यंत एका वेगळ्या वाटेनेही पोचली. त्या वाटेवर विमान नाही, तोफ नाही. शेतकऱ्याच्या हाती द्यायला म्हणून बंगळूरच्या काही प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी घडवलेला तळहाताएवढा संगणक आहे. त्याचे नाव सिम्प्युटर. ज्याच्यासाठी तो बनवला त्या गावकऱ्याने तो क्वचितच पाहिला आणि ज्याचा आराखड्यात विचारही नव्हता त्या जवानासाठी त्याचा लष्करी अवतार तयार झाला. हे असे का झाले, हा या लेखाचा विषय.

आधी जागेबद्दल थोडे. येलहंका बंगळूरपेक्षा जुने. येलहंक्याचा नाडप्रभू केंपेगौडा याने १५३७ मध्ये बंगळूर वसवले. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीत शहाजीराजे होते आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. विसाव्या शतकात या भागाला लष्करी उद्योगाची कळा आली. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने शहरात विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. १९५४ मध्ये बंगळूरच्या उत्तरेकडच्याच जलहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली. सगळे तिला बीईएल म्हणतात. फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीचे तंत्र घेऊन लष्कराला वायरलेस संच पुरवायचे, हे तिचे पहिले काम. १९६२ च्या चीन युद्धाने वायरलेसपासून रडारपर्यंतच्या उणिवा उघड्या पाडल्या. दुसऱ्याच वर्षी येलहंक्याला हवाई दलाचे ठाणे सुरू झाले आणि त्याच सुमारास होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स धोरणासाठी समिती बसली. बीईएल मात्र निव्वळ लष्करी कारखाना कधीच नव्हती. रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, कृष्णधवल टीव्हीच्या चित्रनळ्या आणि नंतर मतदान यंत्रे, असा तिचा संसार होता. नागरी आणि लष्करी वस्तू एकाच आवारात तयार होण्याची ही सवय पुढे कामाला येणार होती.

स्पर्शपडदाही मुळात लष्करी घरातलाच. इंग्लंडमधील माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. रडारवरच्या ठिपक्यांवर नजर ठेवणाऱ्या विमान नियंत्रकाला कळफलक शोधत बसायला वेळ नसतो, ही त्याची अडचण होती. सत्तरच्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने आपल्या प्रचंड यंत्रांच्या नियंत्रणकक्षात असे पडदे बसवले. पण हे सगळे श्रीमंत प्रयोगशाळांचे चोचले होते. निरक्षर किंवा अर्धसाक्षर माणसाला कळफलकापेक्षा चित्रावर बोट ठेवणे सोपे जाईल, हा विचार मुख्य धरून यंत्र घडवण्याचे धाडस पुष्कळ नंतरचे.

ते बंगळुरात झाले. १९९८ च्या ऑक्टोबरात ‘बंगलोर आयटी डॉट कॉम’ या मेळाव्यात विकसनशील देशांतील माहिती तंत्रज्ञानावर एक आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरले होते. देशात तेव्हा शंभर माणसांमागे जेमतेम दोन टेलिफोन होते आणि साध्या घरगुती संगणकाला चाळीस-पन्नास हजार रुपये मोजावे लागत. शहर अमेरिकेच्या वाय-टू-के कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते. परदेशी बँकांच्या आज्ञावलीत दोन अंकांची वर्षे चार अंकी करणारे हजारो तरुण ज्या गावात आहेत, तिथून बाहेर पडले की तासाभरावरच्या खेड्यात संगणक पोचलेला नाही, ही विसंगती त्या चर्चासत्रात बोलली गेली. तिथूनच ‘साधा, स्वस्त, अनेक भाषांतला लोकांचा संगणक’ ही कल्पना निघाली.

कल्पना उचलणारे सातजण होते. भारतीय विज्ञान संस्थेतले चौघे प्राध्यापक: स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय. एन्कोर सॉफ्टवेअर या बंगळुरी कंपनीतले तिघे: विनय देशपांडे, शशांक गर्ग आणि मार्क मथायस. (देशपांडे हे आडनाव कृष्णेच्या दोन्ही काठांवर सारखेच मुरलेले, त्यामुळे मराठी वाचकाने लगेच हक्क सांगू नये.) त्यांनी १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट नावाचा न्यास केला. यंत्राचा आराखडा न्यासाच्या मालकीचा राहील, तो कुणालाही अभ्यासता येईल, परवाना शुल्क भरून कुणालाही यंत्र बनवता येईल आणि बनवणाऱ्याने केलेल्या सुधारणा ठरावीक मुदतीनंतर न्यासाकडे परत येतील, अशी व्यवस्था ठरली. लिनक्सच्या जगात आज्ञावली मोकळी असते हे लोकांना माहीत होते. प्रत्यक्ष यंत्राच्या जोडणीलाही तोच नियम लावणे त्या काळात नवे होते.

२५ एप्रिल २००१ रोजी बंगळुरात पहिला नमुना लोकांसमोर आला. आत २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, वर लिनक्स, समोर छोटा कृष्णधवल स्पर्शपडदा आणि त्यावर चालवायला एक काडी. कळफलक नव्हता. तीन बारीक सेलवर तो चाले, टेलिफोनच्या तारेला जोडता येई. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी हरिहरन यांनी ‘ध्वनी’ ही आज्ञावली रचली होती. आपल्या लिपी उच्चारानुसारी असल्याने अक्षरापासून आवाजाकडे जाणे इंग्रजीच्या मानाने सोपे पडते, त्याचा हा फायदा. पण माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती ती स्मार्टकार्डची खाच. प्रत्येक गावकऱ्याने यंत्र विकत घ्यावे अशी अपेक्षाच नव्हती. यंत्र पंचायतीचे, शाळेचे किंवा दुकानदाराचे, आणि ज्याच्या-त्याच्या खिशात फक्त स्वतःचे कार्ड. कार्ड घातले की यंत्र तेवढ्यापुरते त्याचे. काढले की दुसऱ्याचे.

परदेशात कौतुक झाले. विज्ञानकथा लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत २००१ चा आढावा घेताना संगणक क्षेत्रातला त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा नवा शोध म्हणून सिम्प्युटरचे नाव घेतले. त्याच वर्षी ॲपलने आयपॉड आणला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दाव्याचे वजन कळते.

कौतुकाने कारखाना चालत नाही. न्यासाजवळ आराखडा होता, पण लाखभर यंत्रे बनवायला लागणारे भांडवल नव्हते. डॉट कॉमचा फुगा नुकताच फुटल्याने कुणी पैसे घालायला धजावत नव्हते. एन्कोरने आपले यंत्र काढले. प्राध्यापकांनी पिकोपेटा नावाची वेगळी कंपनी काढली आणि तिने उत्पादनासाठी बीईएलशी हातमिळवणी केली. रडार आणि मतदान यंत्रे बनवणारे हात आता लोकांच्या संगणकाला लागले. २००४ मध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला. किमती सुमारे दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत. वरच्या किमतीत रंगीत पडदा.

अमिडात एक गंमत होती. त्यात हालचाल ओळखणारा संवेदक बसवला होता. मनगटाला झटका दिला की पडद्यावरचे पान उलटे. यंत्र कलते केले की चित्र त्याप्रमाणे वळे. हे २००४ चे. स्टीव्ह जॉब्जने सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन दाखवला तो जानेवारी २००७ मध्ये. यावरून ‘आयफोन आपणच आधी बनवला’ असा गजर अधूनमधून होतो, तो मला पटत नाही. अमिडाचा पडदा काडीने दाबायचा होता, आयफोनचा बोटाच्या हलक्या स्पर्शाचा. त्याहून मोठा फरक असा की आयफोनच्या मागे दूरध्वनीचे तयार जाळे आणि ते वापरणारे गिऱ्हाईक होते. अमिडाच्या मागे दोन्ही नव्हते.

पन्नास हजार यंत्रे खपवण्याचे उद्दिष्ट होते. २००५ पर्यंत चारेक हजार खपली. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामात काही वापरली. छत्तीसगडमध्ये शाळेतल्या शिक्षणासाठी काही गेली. पुढे पिकोपेटा मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने घेतली.

वर्तमानपत्रांनी दोष किमतीला दिला. किंमत हे एक कारण खरेच, पण तेवढेच धरले तर काळाचे भान सुटते. २००३ च्या मे महिन्यापासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी न्या अशी योजना काढली. वर्षअखेरीस नोकियाचा ११०० आला, धुळीला दाद न देणारा आणि डोक्यावर विजेरी असलेला. गावकऱ्याला माहितीच्या आधी माणसाशी बोलायचे होते. मुंबईला गेलेल्या मुलाशी, बाजार समितीतल्या अडत्याशी. सिम्प्युटर वाचून दाखवत होता, पण वाचण्याजोगे त्याच्यात भरणार कोण? हवामान, बाजारभाव, जमिनीचा उतारा हे सगळे सरकारी खात्यांच्या कपाटात होते आणि कुठल्याही ग्रामविकास खात्याने ‘आम्हाला अशी एक लाख यंत्रे हवीत, मजकूर आम्ही देतो’ असे म्हटले नाही. यंत्राला ग्राहक नव्हता असे म्हणणे बरोबर नाही. ग्राहक होता, त्याच्या वतीने खरेदी करणारा नव्हता.

लष्करात नेमके उलटे होते. तिथे गरज ताजी होती. १९९९ च्या कारगिल युद्धात उंच कड्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी चढणाऱ्या तुकड्यांना एकमेकांचा पत्ता वायरलेसवर तोंडी सांगावा लागे, कागदी नकाशावर पेन्सिलीने खूण करावी लागे. काश्मीरच्या जंगलातल्या रात्रीच्या गस्तीत तर आपलीच दुसरी तुकडी शत्रू समजून तिच्यावर गोळी झाडली जाण्याची भीती कायम असते. एक मे २००० च्या रात्री एक दूरची गोष्ट घडली, तिचा इथे उपयोग झाला. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारा ठावठिकाणा एकदम पंधरा-वीस मीटरच्या आत आला. बाजारातला साधा जीपीएस तुकडा रातोरात गस्तीच्या कामाचा झाला.

एन्कोरने सिम्प्युटरच्या पायावर लष्करासाठी हातसंगणक रचला. परिस्थितीची जाण आणि रणभूमीवरची माहिती देणारे यंत्र, अशा लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘साथी’ म्हणायचे ठरले. लष्करी नामकरणात असा योग क्वचित साधतो. साथीत जीपीएस होते, नकाशा होता आणि रेडिओशी जोड होती. पडद्यावर जवानाला स्वतःची जागा दिसे आणि त्याच गटातल्या इतर साथीधारकांच्याही. नकाशावर टेकवून शत्रूची संशयित जागा दाखवली की ती खूण इतरांच्या पडद्यावर उमटावी, बोलण्याचा आवाज न करता संदेश जावा, अशी रचना. कळफलक नसणे, चित्रावर खूण करणे, कमी शिकलेल्यालाही चटकन समजणे हे खेड्यासाठी योजलेले गुण अंधारात पहाड चढणाऱ्या शिपायाला जसेच्या तसे उपयोगी पडणारे होते. वेगळे करायचे होते ते कवच आणि संदेशाची गुप्तता.

पायदळाच्या शेजारी तोफखान्यातही हीच उलथापालथ चालू होती, आणि तिथे ती जास्त खोल गेली. नाशिकजवळच्या देवळालीला तोफखान्याची प्रशाला आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला क्रम असा: पुढे डोंगरावर बसलेला निरीक्षक लक्ष्याची जागा वायरलेसवर सांगतो, मागे तोफांजवळचा गट तक्ते आणि आलेखफळी घेऊन हिशेब करतो. अंतर किती, तोफ आणि लक्ष्य यांच्या उंचीत फरक किती, वारा कुठला, हवा किती गार, दारूचे तापमान काय, नळी किती झिजली. एवढे धरून प्रत्येक तोफेला वेगळा कोन आणि वेगळी दिशा द्यायची. मग एक गोळा टाकून बघायचा, निरीक्षक ‘उजवीकडे, पुढे’ असे सांगणार, पुन्हा हिशेब. यात मिनिटे जातात आणि पहिल्या गोळ्यानंतर शत्रू आडोसा शोधतो.

बीईएल आणि बंगळूरचीच डीआरडीओची कृत्रिम बुद्धिमत्ता व रोबॉटिक्स प्रयोगशाळा यांनी मिळून यासाठी ‘शक्ती’ ही यंत्रणा उभी केली. २००९ मध्ये ती लष्करात दाखल झाली. निरीक्षकाच्या हाती हातसंगणक असतो. त्यात लक्ष्य नोंदले की ते रेडिओने मागच्या संगणकाकडे जाते, तिथे हिशेब होतो आणि प्रत्येक तोफेजवळच्या छोट्या पडद्यावर तिचे आकडे उमटतात. तोफ तीच, गोळा तोच. बदलला तो त्यांच्या मधला वेळ. ‘आधुनिक शस्त्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्षेपणास्त्राचे टोक येते. गेल्या पंचवीस वर्षांतला भारतीय लष्करातला खरा बदल या नोंदवण्या-कळवण्याच्या साखळीत आहे, आणि ती साखळी बव्हंशी बंगळुरात विणली गेली.

सिम्प्युटरच्या नागरी वंशाचाही एक शेवटचा प्रयत्न झाला. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात सुरू झालेल्या ‘निमित्ली’ योजनेतून एन्कोरला पैसे मिळाले. मे २००५ मध्ये तेव्हाचे विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘मोबिलिस’ सादर केला. साडेसात इंचांच्या आसपासचा स्पर्शपडदा, बॅटरीवर काही तास चालणारा. आज त्याला आपण टॅबलेट म्हणू. त्याचेही खेड्यात काही झाले नाही. सहा वर्षांनी त्याच सिब्बल यांनी, या वेळी मनुष्यबळ विकास मंत्री म्हणून, ‘आकाश’ टॅबलेट सादर केला. त्याची कथा वेगळी आहे आणि बरीच कमी अभिमानाची.

लष्करी वंशही सरळ वाढला असे समजू नये. रणभूमीवरच्या प्रत्येक तुकडीला एका जाळ्यात जोडणारी मोठी योजना लष्कराने आखली होती. बीईएल आणि मुंबईची रोल्टा यांचा एक गट आणि टाटा पॉवर व लार्सन अँड टुब्रो यांचा दुसरा गट तिच्यासाठी निवडला गेला. खर्च आणि विलंब यांच्या कचाट्यात ती योजना लष्कराने सोडून दिली. म्हणजे सरकारी खरेदीदार असला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. पण गरज जिवंत राहिली आणि नव्या रूपात पैसे मिळत गेले. मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने बीईएलला ‘आकाशतीर’ या हवाई संरक्षण नियंत्रण यंत्रणेचे १,९८२ कोटी रुपयांचे काम दिले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोन आणि क्षेपणास्त्रे अडवताना तिचा मोठा वाटा होता, असे सरकारने सांगितले. अधिकाऱ्यांसाठी ‘संभव’ नावाचे सुरक्षित मोबाइल फोनही आले. साथीने जे करून पाहिले ते आता फोनच्या आकारात होते आहे.

आणि गाव? स्मार्टकार्ड घालून वापरायचे सामायिक यंत्र गावात पोचले, फक्त त्यावर सिम्प्युटरचे नाव नव्हते. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर रेशन दुकानातल्या आणि बँक मित्राच्या हातातल्या यंत्रांवर गावकरी अंगठा टेकवू लागले. कार्डाची जागा अंगठ्याने घेतली, बाकी कल्पना १९९९ चीच: यंत्र दुकानाचे, ओळख माणसाची. ही यंत्रे लाखांनी गेली, कारण या वेळी धान्य आणि अनुदान वाटणारे सरकार स्वतः त्यांचे गिऱ्हाईक होते. सिम्प्युटरवेळी हे गिऱ्हाईक उभे राहिले नाही, आणि त्याच्या अपयशाचा मोठा वाटा मी त्या सातजणांच्या नव्हे, तेव्हाच्या सरकारी खात्यांच्या नावावर मांडतो.